दहा बाय पन्नासची दुर्बीण, चौदा महिने आणि ‘ते काय होतं?’

ही दुर्बीण घेणाऱ्या बहुतेकांनी पक्ष्यांसाठी घेतलेली दिसते. बाकीचे अभिप्राय वाचले तर कुणी घुबड पाहिलंय, कुणी लांबच्या स्टँडवरून मॅच. मी ती घेतली रात्री आकाशात दिसणाऱ्या आणि कुणालाच नाव सांगता न येणाऱ्या दिव्यांसाठी. त्यामुळे पक्ष्यांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. ज्यांच्या घरात महिन्यातून एकदा तरी कुणी गच्चीवरून ओरडतं, ‘लवकर वर या, काहीतरी आहे!’, त्यांनी पुढे वाचावं.

माझा धंदा मोजणीचा. एकतीस वर्षं जमिनी मोजल्या. सुरुवात साखळी आणि प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या नकाशाच्या फळ्यावर झाली, मग कोन मोजायचं थिओडोलाइट, शेवटची काही वर्षं कोन-अंतर दोन्ही मोजणारं टोटल स्टेशन. एक डोळा मिटून काचेतून बघायची सवय जुनीच, दोन्ही उघडे ठेवून बघायची मात्र नवी. निवृत्त झाल्यावर एकदा घरच्या गप्पांत मी कॅम्पवरच्या एका रात्रीची गोष्ट सांगून बसलो. ती पुढे येईल. तेव्हापासून नातेवाइकांच्या लेखी मी आकाशातल्या भानगडींचा जाणकार. रात्री साडेनऊला फोन येतो: ‘काका, पश्चिमेला बघा, पटकन!’ मी विचारतो, ‘क्षितिजापासून किती वर?’ पलीकडून उत्तर, ‘बरंच वर.’ असल्या ‘बरंच’वर आयुष्यात एक हद्द कायम झालेली नाही.

दहा बाय पन्नासच का, ते आधी. दहा म्हणजे दहा पट मोठं, पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पन्नासला दहाने भागलं की पाच. डोळ्याकडच्या बाजूने बाहेर पडणारी प्रकाशाची थाळी पाच मिलिमीटरची. जुन्या दर्यावर्दी मंडळींची आवडती सात बाय पन्नास सात मिलिमीटर देते, पण माझ्या वयाला अंधारातही बाहुली तेवढी उघडत नाही. जादाचा प्रकाश बाहुलीच्या कडेवर सांडून वाया. तरुणांनी मात्र सात पटीचा विचार करावा, कारण दहा पटीत हातही दहा पट थरथरतो. पहिल्या आठवड्यात मला सगळेच तारे संशयास्पद वाटत होते. सगळेच नाचत होते.

आता पहिल्या नगाची हकीकत. हो, हा दुसरा नग आहे. पहिला आला त्या संध्याकाळी पश्चिमेला शुक्र झगमगत होता. भाच्याने दुर्बीण डोळ्याला लावली आणि ओरडला, ‘मामा, दोन आहेत! एकाच्या वर एक!’ मी हातात घेतली. खरंच दोन. एकावर एक, सारखेच तेजस्वी, एकाच वेगाने डुलणारे. दोन सेकंद मीसुद्धा गार पडलो. मग एक डोळा मिटला. एकच. दुसरा मिटला, एकच. दोन्ही उघडले की दोन. नळ्या एकमेकींना समांतर नव्हत्या, एवढंच. आमच्या धंद्यात ‘लाइन ऑफ कोलिमेशन’, म्हणजे काचेतल्या नजरेची सरळ रेघ, हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडात यायचा, आणि तोच दोष आपल्या गच्चीवर उडती तबकडी होऊन उतरला याची मला गंमतच वाटली. विकणाऱ्याने नग बदलून दिला, नऊ दिवस लागले, वाद घातला नाही. पण तुम्ही घ्याल तेव्हा पहिली परीक्षा हीच करा: एखादा तेजस्वी तारा बघायचा आणि एक डोळा मिटून उघडायचा. दोन प्रतिमा एकत्र यायला डोळ्यांना ओढाताण होत असेल तर परत पाठवा. दहा मिनिटांत डोकं दुखेल ते वेगळंच.

दुसरा नग चांगला. क्षेत्र साडेसहा अंश. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, म्हणजे मुठीच्या निम्म्याहून थोडं जास्त आकाश एका वेळी दिसतं. दिवा शोधायला तेवढं पुरतं. काचेवर झिलई बरी आहे, कडेला तारे थोडे पसरतात, मध्यभागी टोकदार. वजन मानेला जाणवतं. यापलीकडे काचेचं कौतुक करण्यात मला रस नाही.

खरी कसोटी झाली शेजाऱ्यांच्या तारांकित प्रकरणात. हिवाळ्यातली रात्र, साडेआठचा सुमार. शेजारी जिना चढून वर आले ते धापा टाकतच. ‘तिकडे बघा. लाल होतंय, हिरवं होतंय, निळं होतंय. आणि वर-खाली सरकतंय. अर्धा तास बघतोय मी. विमान असतं तर गेलं नसतं का?’ बोट आग्नेयेला. मला साध्या डोळ्यांनीच कळलं होतं, पण बोललो नाही. साक्षीदाराला मध्येच उत्तर सांगितलं की पुढची साक्ष बिघडते. मी त्यांना टाकीला पाठ टेकवून बसवलं आणि म्हटलं, ‘समोरच्या इमारतीच्या कोपऱ्याला तो दिवा लावून धरा. डोकं हलवायचं नाही.’ दोन मिनिटांत ते म्हणाले, ‘आता हलत नाहीये.’ दहा मिनिटांनी दिवा कोपऱ्यापासून अडीच अंशांच्या आत वर आणि जरा उजवीकडे गेला होता, आजूबाजूचे सगळे तारे गेले तेवढाच.

अंधारात एकटा ठिपका बघत राहिलं की तो सरकल्यासारखा वाटतो, हा डोळ्यांचा जुना खेळ आहे. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ १७९९ साली तेनेरीफ बेटावरच्या डोंगरावर होता, तेव्हा त्याला क्षितिजाजवळचे तारे डोलताना दिसले आणि त्याने ते खरंच धरलं. उपकरणांवर आयुष्य काढलेल्या माणसाची ही गत, मग माझ्या शेजाऱ्यांना काय म्हणायचं?

रंग मात्र भास नव्हते. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली, तारा मध्यभागी आणायला लावला, आणि ते बघत असताना नळीवर बोटाने हलकी टिचकी मारली. तारा काचेत झोका घेऊन रेघ झाला, आणि त्या रेघेवर माळेसारखे सुटे सुटे रंग: तांबडा, हिरवा, निळा, पुन्हा तांबडा. क्षितिजाजवळच्या हवेचे थर हलतात, प्रकाश वाकतो, प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. साध्या डोळ्याला ते एकाच जागी भराभर बदलताना दिसतात, टिचकीने ते एकामागोमाग मांडले जातात. शेजाऱ्यांनी स्वतः पाच-सहा टिचक्या मारून बघितल्या. मग विचारलं, ‘म्हणजे कोण आहे हा?’ व्याध. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. ते खाली गेले ते जरासे नाराज होऊन, आणि ती नाराजी मला समजू शकते.

शुक्राची तक्रार सर्वांत जास्त येते. ‘आमच्या गाडीबरोबर येत होता’ हे वाक्य मी निदान चार जणांकडून ऐकलंय. शुक्र सूर्यापासून सत्तेचाळीस अंशांपलीकडे जात नाही, म्हणून संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच सापडतो. मध्यरात्री डोक्यावर काही दिसलं तर निदान शुक्राचं नाव तरी वगळता येतं. तो पृथ्वीच्या जवळ असेल त्या दिवसांत याच दुर्बिणीत, कठड्याला टेकवून धरली तर, त्याची बारीक कोर दिसते. गुरूच्या बाजूला चार चंद्र दिसतात. यानाच्या आशेने वर आलेल्या दोन मुलांना मी गुरूचे चंद्र दाखवून परत पाठवलंय.

विमानांसाठी ही दुर्बीण म्हणजे शिक्काच. विमान सरळ आपल्या दिशेने येत असेल तर त्याचा पुढचा दिवा कित्येक मिनिटं एका जागी टांगल्यासारखा दिसतो. आवाज नाही, हालचाल नाही. मग विमान वळतं आणि लोक सांगतात, ‘उभा होता आणि एकदम सुसाट गेला.’ काचेतून मात्र पंखांवरचे दिवे वेगळे दिसतात: विमानाच्या डाव्या पंखावर तांबडा, उजव्यावर हिरवा. तुम्हाला हिरवा डावीकडे आणि तांबडा उजवीकडे दिसला की समजा, ते तुमच्याकडेच येतंय.

उपग्रहांना दुर्बिणीपेक्षा वेळापत्रक जास्त कामाचं. ‘हेव्हन्स-अबव्ह’ या संकेतस्थळावर आपली जागा टाकली की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कधी, कुठून, किती उंचीवरून जाणार ते मिनिटावर कळतं; ताऱ्यांसाठी ‘स्टेलॅरियम’ हा आकाशाचा नकाशा दाखवणारा प्रोग्रॅम आहे. स्थानक सुमारे चारशे किलोमीटरवरून जातं, लुकलुकत नाही, आणि कधी कधी ऐन मध्यावर विझतं. विझणं म्हणजे पृथ्वीच्या सावलीत शिरणं. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. आमच्या घरचा शेरा होता, ‘अहो, आपण बघतोय हे त्यांना कळलं वाटतं!’ स्टारलिंक या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची माळ तर मे २०१९ मध्ये पहिले साठ उपग्रह एकदम सोडले तेव्हापासून जगभर लोकांची झोप उडवतेय. काचेतून मी एकदा त्यातले एकोणीस मणी मोजले, मग हात भरून आले.

आता दुर्बीण काय करत नाही ते. विकत घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं, म्हणजे नंतर चिडचिड होत नाही. ती अंतर सांगत नाही.

मला आलेल्या प्रत्येक फोनमध्ये अंतर असतं. ‘पाचशे फुटांवर होतं.’ ‘बसएवढं होतं.’ ‘ताटाएवढं.’ ताट कुठे धरलेलं? हातात की शेताच्या बांधावर? एका ठिकाणावरून उभं राहून मोजणाऱ्याला फक्त कोन मिळतो. अंतर हवं तर दुसरं ठिकाण लागतं आणि त्या दोन ठिकाणांमधली मोजलेली रेघ लागते. हे शिकाऊ मुलाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. आकाशात तर ओळखीची वस्तूही नसते जिच्या मापावरून अदमास घ्यावा. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा आहे, हात लांब करून धरलेल्या पेन्सिलीच्या मागच्या टोकाआड सहज लपतो, पण कुणालाही विचारा, तो थाळीएवढा असतो.

म्हणून आम्ही एकदा बेस लाइन टाकलीच. भाचा राहतो माझ्यापासून सहा किलोमीटरवर. त्याचा फोन आला, ‘मामा, पन्नास-साठ मीटरवर काहीतरी तरंगतंय, तुमच्या बाजूला.’ मी वर गेलो तर दिवा मला त्याच्या बाजूला दिसत होता. म्हणजे दोघांच्या मध्ये कुठेतरी. त्याला म्हटलं, ‘मुठी मोज.’ त्याच्या तीन भरल्या, माझ्या दोन. तीस अंश आणि वीस अंश. पाटीवरचं गणित आहे: उंची निघाली साधारण तेराशे चाळीस मीटर. मुठीच्या मापात दोन-तीन अंशांची चूक धरली तरी साडेअकराशे ते दीड हजार. त्याचे पन्नास मीटर कुठे आणि हे कुठे! दुर्बिणीत तांबडा-हिरवा दोन्ही दिसत होते, वारा उलटा म्हणून आवाज येत नव्हता. भाचा इंजिनिअर आहे, बरं का. नजर चांगली आहे, दारू पीत नाही. तरी वीस पट चुकला.

केनेथ आर्नोल्डची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. २४ जून १९४७, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तो स्वतःचं छोटं विमान उडवत होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू रांगेत जाताना दिसल्या, आणि या पठ्ठ्याने घड्याळ लावलं. माउंट रेनियर ते माउंट ॲडम्स, एक मिनिट बेचाळीस सेकंद. साक्षीदार असावा तर असा! पण त्या वस्तू डोंगरांच्या रांगेतच होत्या हे त्याने नजरेने ठरवलं होतं. त्यावरून वेग आला ताशी १,२०० मैलांच्या वर, आणि सरळ उड्डाणात आवाजाची मर्यादा ओलांडायला माणसाला अजून चार महिने होते. अंतर चुकलं असेल तर वेगही तितकाच चुकला. वर आणखी घोटाळा झाला तो वर्णनाचा. वस्तू कशा जात होत्या हे सांगताना त्याने पाण्यावर भिरकावलेल्या बशीचा दाखला दिला. वर्तमानपत्रांनी चालीचा दाखला आकाराला चिकटवला. त्यानंतर लोकांना बश्याच दिसायला लागल्या.

कॅमेरा आणि रडार असलेल्यांचंही हेच होतं. अमेरिकी नौदलाच्या विमानातून २०१५ साली घेतलेलं एक चित्रण आहे, ‘गोफास्ट’ नावाचं, त्यात एक ठिपका समुद्राला चाटून वाऱ्यासारखा पळताना दिसतो. नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात पडद्यावरच्याच आकड्यांवरून त्रिकोण सोडवला: वस्तू सुमारे १३,००० फुटांवर, वेग ताशी चाळीस मैलांच्या आसपास. पळत होतं ते चित्रण करणारं विमान. मला तो अहवाल वाचताना आमच्या ऑफिसातलं जुनं प्लेन टेबल आठवलं.

मग दुर्बिणीने काय होतं? तर ठिपके वेगळे होतात. १३ मार्च १९९७ ला अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात हजारोंनी दिव्यांचा एक प्रचंड व्ही आकार डोक्यावरून जाताना पाहिला. कित्येकांनी ठामपणे सांगितलं की दिव्यांच्या मधला भाग काळा, भरीव होता, त्यामागचे तारे झाकले जात होते. त्याच रात्री एक तरुण हौशी निरीक्षक घरच्या अंगणात दहा इंची दुर्बीण लावून बसला होता. त्याने ती तिकडे फिरवली आणि त्याला विमानं दिसली, रांग धरून जाणारी. घरातल्यांना त्याने तसं सांगितलंही. रात्री दहाच्या सुमाराला दिसलेली दुसरी दिव्यांची ओळ लष्करी सरावातल्या पॅराशूटच्या मशालींची होती. त्या एकेक करून विझल्या असं वाटलं, कारण त्या एकेक करून डोंगरामागे उतरल्या. दिव्यांना जोडणारी काळी वस्तू मनच घडवतं. ३ मार्च १९६८ ला सोव्हिएत झोंड-४ यानाच्या उड्डाणाचे तुकडे वातावरणात जळत अमेरिकेवरून गेले, तेव्हा काही साक्षीदारांनी लांबट यान पाहिलं आणि त्याला उजळलेल्या खिडक्या पाहिल्या. खिडक्या! खोटं कुणीच बोलत नव्हतं.

पण तक्रारीही आहेत, आणि त्या निर्मात्याने ऐकाव्यात. तिपाईला जोडायच्या पेचावरचं टोपण एवढं घट्ट बसवलंय की मला पकड लावावी लागली. आणि तिपाईशिवाय ही दुर्बीण निम्मीच आहे. चष्मेवाल्यांसाठी डोळ्यांकडचं रबर दुमडायचं असतं, ते तिसऱ्या महिन्यात एका बाजूला चिरलं. गळ्यातला पट्टा अरुंद. आणि आतलं परावर्तन. पौर्णिमेच्या आसपास चंद्राच्या जवळ मला एक फिकट हिरवट ठिपका दिसला. स्थिर, गोल, कुठल्या नकाशात नाही. वेळ लिहिली, दिशा लिहिली, छाती जरा धडधडत होती हे कबूल करतो. मग नळी किंचित डावीकडे केली तर ठिपका चंद्राच्या उलट बाजूला सरकला. चंद्रच तो, आतल्या काचेवर आपटून आलेला. फील्ड बुकात खाडाखोड करायची नसते, एक सरळ रेघ मारून खाली बरोबर नोंद करायची. तशी रेघ मी मारली. ती रेघ आज बघितली तरी कान गरम होतात.

फील्ड बुक म्हणजे माझी वही. दुर्बिणीबरोबर ती घ्याच. पेटीत येत नाही, पण मी तिला दुर्बिणीचा भागच धरतो. तारीख, वेळ, दिशा, मुठीत उंची, किती मिनिटं, लुकलुक होती की नाही. जिमी कार्टर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी, जॉर्जियाचे गव्हर्नर असताना, १९७३ मध्ये त्यांनी स्वतः पाहिलेल्या दिव्याची रीतसर नोंद केली. अर्जात तारीख ऑक्टोबर १९६९ ची. ते ज्या बैठकीला आले होते तिच्या नोंदी पुढे सापडल्या तर तारीख ६ जानेवारी १९६९. नऊ महिन्यांचा फरक. तारीख सापडली म्हणून तर त्या दिशेला शुक्र होता हे काढता आलं, आणि रॉकेटमधून सोडलेल्या बेरियमच्या ढगाचा तर्कही पुढे मांडता आला. इंग्लंडमधल्या रेंडलशॅमच्या जंगलात डिसेंबर १९८० मध्ये अनोळखी दिवे दिसले तेव्हा अमेरिकी हवाई दलाचे कर्नल हॉल्ट यांच्या हातात टेपरेकॉर्डर होता, म्हणून आजही लोक ती टेप लावून चमकण्यांमधली सेकंदं मोजतात. पाच येतात. ऑर्फर्ड नेसचं दीपगृह पाच सेकंदांना चमकायचं. हॉल्ट यांना ते मान्य नाही. असो, पण निदान वाद घालायला पाच सेकंद तरी हातात आहेत.

आमच्याकडे तेही नाही. कॅम्पवरची ती रात्र: तंबूबाहेर आम्ही चौघं, मी, दोन चेनमन (साखळी धरणारे मदतनीस) आणि ड्रायव्हर. उत्तरेला एक दिवा आला, थांबला, आणि खाली गेला. आम्ही पाच मिनिटांत एकमेकांशी बोलून सगळं ठरवून टाकलं होतं: केवढा, किती लांब, कुठे उतरला. मुझफ्फर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली अंधाऱ्या खोलीत स्थिर ठिपका दाखवून हेच सिद्ध केलंय: बरोबर बसलेल्यांचे अंदाज हळूहळू एकमेकांजवळ येतात. त्या दिवसाचं फील्ड बुक मी नंतर शोधून काढलं. सगळी स्टेशनं आहेत, ऑफसेट आहेत, ‘दुपारनंतर पाऊस, काम बंद’ आहे. दिव्याबद्दल एक अक्षर नाही. माझ्या आठवणीत तो एक होता आणि पांढरा. थोरला चेनमन मागे भेटला, तो म्हणतो तीन होते आणि तांबडे. ड्रायव्हरला आवाजही आठवतो.

अमेरिकन हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळातल्या १२,६१८ नोंदी जमवल्या, त्यातल्या ७०१ ची ओळख पटली नाही. माझ्या वहीत चौदा महिन्यांत एकेचाळीस. चाळिसांना नावं मिळाली. एकेचाळिसावी गेल्या महिन्यातली: रात्री आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटं, ईशान्येच्या जरा उत्तरेला, दोन मुठी वर. केशरी, स्थिर प्रकाश, लुकलुक नाही. दुर्बिणीत एकच ठिपका, बाजूचे दिवे नाहीत. तीन मिनिटं दहा सेकंद, मग मंद होत गेला. स्थानक नव्हतं, कुठला तेजस्वी उपग्रह यादीत नव्हता. भाचा गावाला गेलेला, त्यामुळे बेस लाइन नाही. त्या धांदलीत भिंगाचं टोपण कठड्यावरून खाली पडलं ते अजून सापडलेलं नाही, आणि सुटं टोपण मिळत नाही असं विकणारा म्हणतो. पाचपैकी चार तारे देतोय. कापलेला एक टोपणाचा आणि पट्ट्याचा मिळून.

दुसऱ्या दिवशी थोरल्या चेनमनला फोन करून नोंद वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतली.

‘पण साहेब, होता केवढा?’

‘ठिपका होता रे. मोजण्याएवढा नव्हता.’

‘मग आपला मोठा होता,’ तो म्हणाला.